रऊफभाईंचा भाग दुसरा

कबूल करून टाकतो. कुंभार पिंपळगावच्या मंगल कार्यालयात चालू सिनेमाची वायर उपटणारा माणूस मीच. पडद्यावर त्या वेळी माझा बाप होता. आण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते बाजाररस्त्यानं, हातात बुंदीची परात घेऊन, थेट माझ्याकडं चालत येत होते. तोंड हिरवं होतं. मागंपुढं मुडदे चालत होते. मी खुर्च्या पाडत गेलो, वायर उपटली, आणि माईक हातात होताच म्हणून त्यावरून बोलू नये ते बोललो.

काय बोललो ते पुढं सांगतो. आधी ज्याला बोललो तो माणूस तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळायचं नाही.

रऊफभाईंना कुठलीही गोष्ट दाखवा, ऐकवा, खाऊ घाला. ते आधी तिची खूबी सांगतात आणि मग खामी, म्हणजे उणीव. या क्रमात बदल नाही. चहाचा पहिला घोट घेतला की, "खूबी, गरम आहे. खामी, चहा न्हाई." डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा हे त्यांनाच म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमची खूबी म्हणजे खरं बोलता. खामी म्हणजे सगळ्यांच्यासमोर बोलता." स्वतःच्या जावयाची खूबी-खामी तर त्यांनी निकाहाच्या दिवशी जावयालाच ऐकवली होती. खूबी एका वाक्यात आटपली, खामीला जेवणाची वेळ टळली.

आण्णांची राख सावडून आम्ही घरी येऊन बसलो होतो. रऊफभाई भिंतीला टेकून होते. मग माझ्याकडं सरकून हळूच म्हणाले, "शेठ, मयतीची खूबी सांगू? माणूस लई होता. अन् कोणी घाई केली न्हाई."

मी मान हलवली.

"खामी एकच. लाकूड ओलं होतं."

माझ्या मामांनी तोंडावर उपरणं धरलं. ते रडत होते की हसत होते, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, शेजारी त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं. मध्ये एकच भिंत. लग्नसराईत ते दिवसभर मिक्सिंग करत बसतात, त्यामुळं भिंतीपलीकडून सारखं "सावधान, सावधान" ऐकू येतं. इकडं मी गिऱ्हाइकाच्या हातात विषारी औषधाची बाटली देतो आणि तिकडून भटजी ओरडतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं.

कॅसेटच्या काळापासून आमच्या पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटलेलं नाही. आणि लग्नातला एकही माणूस सुटलेला नाही. हा त्यांचा धर्मच समजा. "शेठ, व्हिडिओत एक माणूस सुटला की एक घर सुटलं," असं ते म्हणतात. पंगत बसली की त्यांचा कॅमेरा एका टोकापासून निघतो. चेहरा, मग हात, मग ताट, मग पुढचा चेहरा. लोक घास तोंडाशी धरून थांबतात, कॅमेरा पुढं सरकला की मग खातात. आमच्याकडं लग्नात गरम भात कोणी खाल्लेला नाही, त्याचं कारण रऊफभाई.

अशा माणसानं एक दिवस झॉम्बींचा सिनेमा पाहिला. परभणीला लेकीकडं गेले होते, तिथं जावयानं टीव्हीवर लावला. रऊफभाई परत आले ते थेट माझ्या दुकानात.

"शेठ, मेलेले लोक उठतात अन् जित्याला चावतात, असा पिक्चर आहे. खूबी, माणूस लई. एवढी गर्दी मी कोणत्या लग्नात पाह्यली न्हाई."

"आणि खामी?"

"एकाचा चेहरा बराबर दाखवला न्हाई. नुसते धाडधाड मारून राह्यले. अरे, एवढे मेलेले लोक, कोणाचे तरी असतील ना, शेठ?"

मी हसलो. त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःचा सिनेमा काढायला घेतला. नाव, 'वापस आले'. बनावट औषध फवारल्यामुळं गावातले मुडदे उठतात, अशी कथा. ते औषध ज्या दुकानातून येतं ते दुकान म्हणून माझंच दुकान वापरलं, पाटीसकट. सिनेमा मोबाईलवर फिरल्यावर दोन गिऱ्हाइकांनी मला गंभीरपणे विचारलं की ते औषध अजून आहे का.

मुडदे म्हणून त्यांनी ओळखीची बँड पार्टी घेतली. बँडवाल्यांना सुटं सुटं चालता येईना. सगळे मुडदे एका पायावर, तालात आले. रक्तासाठी गुलाबाचं सरबत वापरलं होतं. त्यावर माश्या आल्या, मग गांधीलमाश्या आल्या, आणि मुडदे जीव घेऊन पळाले. सिनेमातला तेवढा एकच प्रसंग वेगवान आहे.

बाकी सगळं रऊफभाईंनी लग्नाच्या हिशोबानंच केलं. प्रत्येक मुडदा पायापासून डोक्यापर्यंत सावकाश दिसायचा. मग चित्र थांबायचं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. मुडदा सरपंचांचा गळा चावतो तेव्हा पडद्यावर बदामाचा आकार येतो आणि त्या बदामात सरपंच किंचाळतात. आणि शेवटी पाटी: 'नजरचुकीने कोणास चावावयाचे राहून गेले असल्यास क्षमस्व.' लग्नपत्रिकेतल्या मजकुरात त्यांनी एवढाच बदल केला होता.

गाव पोट धरून हसलं. रऊफभाईंना कोणी हसल्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी फक्त कोण कोण बघायला आलं नाही याची चौकशी केली.

दुसऱ्या भागाला मात्र त्यांना फार वेळ लागला. दोन लग्नसराया गेल्या. भिंतीपलीकडून सावधान ऐकू येईना, जुन्या कॅसेटची घरघर ऐकू यायची. दुपारी चहाला हाक मारली तर आतून आवाज यायचा, "थांबा शेठ, एक माणूस सापडून राह्यला."

"कोण माणूस?"

"भाग दुसऱ्यात पाहा."

मग एक दिवस आले आणि म्हणाले, "रविवारी दुपारी कार्यालय घेतलंय. पडदे लावून अंधार करतो. संध्याकाळी लाईटचा भरवसा न्हाई. तुम्ही पाहुणे. मध्यंतरात माईकवर खूबी-खामी सांगायची. दोन्ही बराबर. तोंड पाहून बोलायचं न्हाई."

आयुष्यात मला पाहुणा म्हणून कोणी बोलावलेलं नाही. खतांच्या कंपनीच्या मेळाव्यातसुद्धा मी सतरंज्या अंथरतो. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको, सुनंदा, म्हणाली, "मुडदे पाह्यला एवढं नटून?" पण आली.

'वापस आले, भाग दुसरा' पाहायला सगळं गाव लोटलं होतं. पत्र्याखाली भट्टी झाली होती. मध्यंतर झालं आणि मी माईक हातात घेतला.

"खूबी पहिली," मी म्हणालो. "या वेळचे मुडदे आपापल्या चालीनं चालतात. बँडचा ताल सुटला. दुसरी, मुडदे रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहतात आणि कोणी मध्ये घुसत नाही. मला तो प्रसंग सगळ्यांत अविश्वसनीय वाटला."

लोक हसले. हसणं ऐकायला मिळालं की माणूस वाहवत जातो. मी गेलो.

"खामी. नायिका अर्ध्यातून बदलते. तिचं खरंच लग्न झालं हे आपल्याला माहीत आहे, कारण ते लग्नही रऊफभाईंनी सिनेमात घातलंय, विहिणींच्या भेटीसकट. घराच्या सगळ्या शूटिंगला रऊफभाईंचं स्वतःचं घर आहे, म्हणून नायक जीव वाचवायला पळत येतो आणि दारात चपला काढतो. त्याच्या मागून मुडदे येतात, तेपण चपला काढतात. गोष्ट जागची हलत नाही, कारण सगळ्यांचे चेहरे दाखवायचे आहेत. आणि मुख्य खामी म्हणजे भीती. पहिल्या भागात नव्हती, यातही नाही. आता मध्यंतरानंतर तरी जरा घाबरवा."

मागून, प्रोजेक्टरजवळून, रऊफभाईंचा आवाज आला. "मध्यंतरानंतर घाबरायचं न्हाई, शेठ. निसतं पाहायचं."

मी माईक घेऊनच खुर्चीवर बसलो. शेवटी आभार मानायचे होते.

पडद्यावर बाजाररस्ता दिसला. सुनसान, दुपारचा. लांबून एक माणूस येत होता. पडद्यावरचं सगळं स्वच्छ होतं, तो माणूस तेवढा जुन्या कॅसेटसारखा थरथरत होता, कडा विरघळलेल्या, रंग हिरवट. जवळ आला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "कासमचाचा."

बांगड्यावाले कासमचाचा. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांचं दुकान होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. कासमचाचांच्या मागून साळवे बाईंचे वडील आले, पांढऱ्या सदऱ्यात, छातीशी हात धरून. मग पाटलांची थोरली सून, जी बाळंतपणात गेली. रऊफभाईंनी जुन्या लग्नांच्या कॅसेटमधून गावची मेलेली माणसं एकेक कापून काढली होती आणि बाजाररस्त्यावर चालायला लावली होती. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सुनंदानं माझा हात धरला.

आणि मग तो म्हातारा आला, खांद्यावर टॉवेल टाकलेला, परात घेतलेला. मी पाहत होतो. बरी चाल आहे याची, असं मनात आलं. आणि मग कळलं की हे आण्णा आहेत.

हे मला लिहायला जड जातं. मला माझा बाप ओळखू यायला वेळ लागला. आमच्या घरात त्यांचा एकच फोटो आहे, भिंतीवरचा, ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. रोज उदबत्ती लावून लावून मला तोच चेहरा पाठ झाला होता. ते चालायचे कसे, हे मी विसरून गेलो होतो. आता ते चालत माझ्याच अंगावर येत होते, मोठे मोठे होत, आणि मी बारका होत होतो. त्यांनी हात पुढं केला.

मी उठलो, खुर्च्या पाडल्या, वायर उपटली.

"रऊफ," मी माईकवरून ओरडलो. 'भाई' गळून पडलं. "माझ्या बापाचा मुडदा केलास. तुला घरात घेतलं, चुलीपर्यंत कॅमेरा येऊ दिला, त्याचे हे पांग फेडलेस."

पडदे लावलेल्या त्या अंधारात रऊफभाई मोबाईलचा उजेड करून उभे होते. एवढंच म्हणाले, "शेठ, पिक्चर अजून संपला न्हाई."

"संपला," मी म्हणालो.

लोक उठून निघून गेले.

दोन दिवसांनी बाजारात मला माझंच वाक्य ऐकू आलं. भाजी घेताना पाठीमागं दोघं बोलत होते. "त्यांनी आपल्या माणसांचे मुडदे केले." मी म्हणालो होतो 'रऊफ' आणि 'माझा बाप'. 'त्यांनी' आणि 'आपल्या' हे शब्द माझे नव्हते. पण वाक्य माझंच होतं, मी ओळखलं. पडद्यावर पहिले कासमचाचा आले होते, हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी वळून ते सांगायला पाहिजे होतं. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.

त्यानंतर त्यांची कामं सुटायला लागली. ज्या घरांत त्यांनी आईचं लग्न शूट केलं, त्या घरांनी मुलीच्या लग्नाला दुसरीकडून माणूस बोलावला. एकानं तोंडावर सांगितलं, "रऊफभाई, बायाबापड्या भितात आता तुमच्या कॅमेऱ्याला." शटर अर्धं खाली असायचं. भिंतीपलीकडून सावधानही नाही, कॅसेटची घरघरही नाही. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी दुकानात रेडिओ आणून ठेवला.

एकदा चहा घेऊन गेलो. त्यांनी पेला घेतला, पिऊन परत दिला. खूबी सांगितली नाही, खामीही नाही. मला तेव्हा खरा धक्का बसला. त्या माणसानं माझ्या बापाच्या सरणाचीसुद्धा खूबी-खामी सोडली नव्हती.

माझी बहीण मंगलताई केदारखेड्याला असते. तिला ही हकीकत फोनवर कोणीतरी सांगितली. ती राखीला आली ती पिशवी खाली न ठेवताच रऊफभाईंच्या दुकानात शिरली. अर्ध्या तासानं पेन ड्राईव्ह घेऊन आमच्या घरात आली आणि माझ्यासमोर टीव्हीला लावला.

"बस इथं," ती म्हणाली.

"ताई, मला ते पाहवत न्हाई."

"तुला काय झालंय पाह्यला? माझ्या लग्नाची कॅसेट आहे ती. आण्णा माझ्या लग्नात बुंदी वाढून राह्यलेत. तुझ्याआधी माझे हायेत ते."

मी बसलो. सुनंदा दारात उभी राहिली.

मी वायर उपटली त्याच्या पुढचा भाग पहिल्यांदा पाहिला. गावची मेलेली माणसं बाजाररस्त्यानं येऊन मंगल कार्यालयात शिरतात. आत गावातली जिवंत माणसं पंगतीला बसली आहेत, घाबरून, डोळे मिटून. आता हे चावणार असं वाटतं. कोणी चावत नाही. आलेली माणसं वाढायला लागतात. कासमचाचा पाणी वाढतात, पाटलांची सून भात. आण्णा हात पुढं करतात, त्या हातात बुंदी आहे. जिवंत माणसं हळूहळू डोळे उघडतात. एवढीच गोष्ट आहे. मिक्सिंग कच्चं आहे, बुंदी ताटात न पडता हवेत विरते.

आणि मग कॅसेटमधलाच एक बाईचा आवाज आला. हसरा, जरा खरखरीत. "आण्णा, इकडं पाहा. थोडं हसा ना."

आण्णांनी मान वळवली. कॅमेऱ्याकडं नाही, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. डोळे बारीक केले आणि हसले. भिंतीवरच्या त्या फोटोतला माणूस असा हसू शकतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

मग कासमचाचांनी तिकडंच पाहिलं. मग साळवे बाईंच्या वडिलांनी, मग पाटलांच्या सुनेनं. एकेकाचा चेहरा मोठा होत गेला, प्रत्येकजण त्याच बाजूला पाहून डोळे बारीक करून हसत होता.

"रेहानाभाभी," ताई म्हणाली.

रऊफभाईंची बायको. तिला मी विसरलो नव्हतो, पण माझ्या आठवणीत ती कुठं उभी आहे हे मला सांगता आलं नसतं. कॅसेटच्या काळात कॅमेऱ्याबरोबर हॅलोजनचा मोठा दिवा धरायला एक माणूस लागायचा. हळदीला, न्हाणीला, बायकांच्या खोलीत परका गडी नको, म्हणून रऊफभाई भाभीला नेत. पुढं सगळ्याच लग्नांत तीच दिवा धरायला लागली. डोक्यावरून ओढणी, हात वर, आणि तोंडानं सगळ्यांना हसवणं. तिच्या मनगटाला हॅलोजनचे चटके बसलेले असत. ताईच्या हळदीला आई रडत होती तर भाभीनं एका हातानं दिवा धरून दुसऱ्या हातानं तिचे डोळे पुसले, हे ताई सांगत होती. तीन-चार वर्षांपूर्वी भाभी आजारपणात गेली. मातीला मी गेलो होतो. दुकान उघडायचं म्हणून लवकर परतलो होतो.

"सगळ्या पिक्चरमध्ये ती दिसली न्हाई कुठं," सुनंदा म्हणाली.

"कशी दिसंल?" ताई म्हणाली. "दिवा तिच्याच हातात होता."

मी तसाच उठून शेजारी गेलो. शटरखालून वाकून आत शिरलो. रऊफभाई एका खोक्यात कॅसेट भरत होते. मी म्हणालो, "पाहिला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "ती गेली तवा म्हणलं एकदा तरी चलती-फिरती पाहावी," ते म्हणाले. "सगळ्या कॅसेटी पाह्यल्या, शेठ. आख्ख्या गावाची लग्नं परत पाह्यली. कुठं न्हाई. म्हणलं सावली तरी असंल भिंतीवर. पण दिवा धरणाऱ्याची सावली मागं पडती, फोटूत येत न्हाई. आवाज आहे थोडा. बाकी काही न्हाई." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "मंग म्हणलं, जे तिला पाहून राह्यले होते, ते तरी वापस आणावेत."

मी म्हणालो, "रऊफभाई, चुकलं माझं."

"मला एकट्याला काय सांगता? बोलले तवा तर माईकवर होते." हे ते रागानं म्हणाले नाहीत. हिशोब सांगावा तसं म्हणाले. मग पुढं, "अन् खामी माझीबी आहे. घरच्यांना विचारायला पाहिजे होतं. कोणाचा माणूस असा न सांगता आणू न्हाई."

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं की बघू, सवडीनं काहीतरी करू. ती म्हणाली, "वायर उपटायला सवड काढली होती का?"

आमच्याकडं लग्नाचं बोलावणं करायला घरोघर अक्षदा घेऊन जातात. घरातला कर्ता माणूस स्वतः जातो, नाव घेऊन बोलावतो, तेव्हा ते बोलावणं खरं. रऊफभाईंशी बोलून मी ठरवलं, सिनेमा परत दाखवायचा, पण आधी तसंच दारोदार जाऊन विचारायचं. सिनेमात ज्यांची ज्यांची माणसं आहेत, त्या प्रत्येक दारात मी आणि मंगलताई गेलो. हातात अक्षदा नव्हत्या, त्यामुळं लोकांना कळेना हे कशाला आलेत. मी सांगायचो, "रविवारी तुमचे वडील पडद्यावर येणार आहेत. येऊ द्यायचे का, हे विचारायला आलोय."

कासमचाचांचा थोरला मुलगा दाराची चौकट धरून उभा राहिला. "अब्बांचा एकबी फोटू न्हाई आमच्यात," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही वायर उपटली तवा माझ्या पोरांनी आजोबा पहिल्यांदा पाह्यले होते. निम्मेच." मी मान वर केली नाही.

साळवे बाई म्हणाल्या, "येऊ द्या. पण बाबांचा सदरा पांढरा होता. हिरवा कशाला केला? पांढरा करायला सांगा." हीच तक्रार पुढं तीन घरांत निघाली. रऊफभाईंनी मग सगळ्यांवरचा हिरवा रंग काढून टाकला. पाटलांनी नको म्हणून सांगितलं, सून पाहायची त्यांच्यात ताकद नव्हती. मला वाटलं रऊफभाई वाद घालतील, माणूस सुटतो म्हणून. पण पाटलांची सून त्यांनी स्वतःच्या हातानं काढली आणि वाढणाऱ्यांत तेवढी जागा रिकामी ठेवली.

काही घरांत मला ते बाजारातलं वाक्यही परत ऐकायला मिळालं. या वेळी मी मेथीची जुडी घेऊन निघालो नाही. म्हणालो, ते माझं वाक्य आहे आणि ते चूक आहे. एका दारात त्यावर पाणीसुद्धा विचारलं नाही. ठीक आहे.

रविवारी दुपारी कार्यालय पहिल्यापेक्षा कमी भरलं. ज्यांची माणसं होती ते सगळे पुढं बसले, नवे कपडे घालून, जसं कोणाचं तरी लग्न आहे. रऊफभाई मागं प्रोजेक्टरजवळ उभे होते, दाढीला मेंदी लावलेली. मला कोणी पाहुणा म्हणून बोलावलं नव्हतं. मी आपणहून पुढं गेलो आणि माईक मागून घेतला. तो दोन्ही हातांनी धरला.

"मागच्या वेळी इथं मी म्हणालो होतो की रऊफभाईंनी माझ्या बापाचा मुडदा केला," मी म्हणालो. "ते खोटं होतं. आण्णा चालत आले आणि मला ते पटकन ओळखू आले नाहीत. त्याची मला भीती वाटली, लाज वाटली, ती मी रऊफभाईंच्या अंगावर टाकली. नंतर ते वाक्य गावात कोणत्या रंगात फिरलं ते मी कानांनी ऐकलं आणि गप्प बसलो. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. ज्यांनी ते वाक्य पुढं नेलं, त्यांनी आता हेपण न्यावं."

मी रऊफभाईंकडं तोंड केलं.

"रऊफभाई, आमच्या घरातला एकेक माणूस तुम्ही पाहिला, भाभींनी त्यांच्यासाठी हात भाजून घेतले. आणि मी भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिलो, पण भाभी गेल्यावर तुमचे दिवस कसे जातात, हे मी एकदाही विचारलं नाही. मला माफ करा."